गावात आशाताई तीनच असतात

पत्र पाच पानी होतं, वहीची पानं फाडून लिहिलेलं. त्यातला गाभा तेवढा इथे देते. गावाचं आणि पेपरचं नाव गाळलंय, शिवाय दोन तपशील मुद्दाम बदललेत. ते का, हे पुढे येईलच.

"ताई, मी कोल्हापूरच्या एका दैनिकात करवीर तालुका बघते. आठ महिन्यांपूर्वी आरोग्याचं बीटही माझ्याकडे आलं. दुसरं कुणी घेईना म्हणून आलं, खरं सांगायचं तर. गेल्या महिन्यात पंचगंगेकाठच्या एका गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढले. सरपंच म्हणाले, चार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा सांगितले. गावातले खासगी डॉक्टर म्हणाले, साठेक तरी असतील. केंद्राचे डॉक्टर 'मला बोलायची परवानगी नाही, वर विचारा' म्हणाले आणि वरचे साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते. शेवटी एका आशाताईंनी विश्वासाने सांगितलं की टाकीत पंधरा दिवस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही. मी लिहिलं, 'मळा भागातील एका आशा स्वयंसेविकेने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले.' डेस्कने हेडिंग दिलं, 'गॅस्ट्रोचे थैमान. साठ जणांना लागण, प्रशासन झोपेत.' दुसऱ्या दिवशी आशाताईंना नोटीस निघाली. संध्याकाळी गावातली चार पोरं बाबांच्या दुकानात येऊन 'पोरीला समजावा' म्हणून गेली. त्याच आठवड्यात जाहिरात विभागाचा फोन आला, वर्धापनदिनाच्या पुरवणीला अमुक हॉस्पिटलची अर्धं पान जाहिरात आण. त्याच हॉस्पिटलच्या बिलाची तक्रार माझ्या डायरीत पडून आहे. आशाताई आता माझा फोन उचलत नाहीत. रात्री झोप लागत नाही. आरोग्य सोडून राजकारण मागून घेऊ का? तिथं निदान कुणाच्या पोटावर पाय येत नाही. – एक बातमीदार, करवीर तालुका"

बाई गं, शेवटचा प्रश्न शेवटीच घेऊ. आधी आशाताई. तुझी झोप बीटने उडवलेली नाही, ती त्यांच्या न उचललेल्या फोनने उडवली आहे, आणि तसं होतंय हे चांगलं लक्षण आहे.

जरा हिशेब कर. खेड्यात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. तुझं गाव साडेतीन हजारांचं, म्हणजे तिघी, फार तर चौघी. त्यात तू 'मळा भागातील' असं लिहिलंस. मग उरल्या किती? 'नाव न छापण्याच्या अटीवर' हे वाक्य मंत्रालयात चालतं, कारण तिथं एका मजल्यावर शंभर माणसं बसतात. गावात ते वाक्य म्हणजे फोटो छापल्यासारखंच. सकाळी पेपर चावडीवर आला असेल, आणि वाचणाऱ्याने मान वर करून समोरच्या गल्लीकडे बघितलं असेल, एवढाच काय तो वेळ लागला असेल.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी हायवेवरच्या एका गावातून एचआयव्हीची बातमी केली होती. नाव छापलं नाही, याचा मला फार अभिमान होता. 'एका एस.टी. कंडक्टरच्या विधवेला' असं लिहिलं होतं. त्या गावात एस.टी.त कंडक्टर असलेला एकच माणूस होता आणि तो वर्षापूर्वी वारलेला. पंधरा दिवसांनी त्या बाईची सासू ऑफिसात आली. कात्रण पदराच्या गाठीत बांधलेलं होतं, घामाने शाई फुटलेली. तिने ते टेबलावर पसरलं, हाताने सपाट केलं आणि विचारलं, "नाव न्हाई लिवलं म्हंता, मग शाळंत माझ्या नातीला येगळं का बशिवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज एचआयव्ही बाधितांची ओळख जपण्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक उपचार घेणाऱ्यांची माहिती किंवा फोटो त्यांच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असं त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण कायदा नाव बघतो आणि गाव खुणा बघतं. वय, जात, गल्ली, नवऱ्याचा धंदा, मूल कितवीत आहे, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की झालं. म्हणून तुझ्या पत्रातल्याही खुणा मी पुसल्यात.

तेव्हा पहिलं काम, आशाताईंच्या घरी जायचं. फोन नको. त्या उचलत नाहीत, कारण उचलला तर 'पत्रकारबाईशी बोलत होती' हे शेजारी ऐकेल. त्यांच्या हातात सरकारी नोकरी नाही. मानधन आणि कामागणिक मिळणारा मोबदला, एवढ्यावर त्या घरोघर फिरतात. तू संध्याकाळी शहरात परत येतेस, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच सरपंचांच्या दारात गरोदर सुनेची नोंद घ्यायला उभं राहायचं असतं. जाऊन सरळ सांग, चूक माझी आहे. बातमी खरी होती वगैरे वकिली करू नकोस. आणि 'मी पुन्हा छापून सगळं नीट करते' असं तर मुळीच म्हणू नकोस. त्यांना आता पेपरात यायचंच नसेल.

आता धंद्यातलं. टीसीएल पडली नाही, ही माहिती आशाताईंच्या तोंडून छापायची गरजच नव्हती. त्यांनी तुला बातमी दिली नव्हती, पत्ता दिला होता. पत्त्यावर तू गेली नाहीस.

गेली असतीस तर काय दिसलं असतं? ग्रामपंचायतीत टीसीएलचा साठा रजिस्टर असतो. किती पोती आली, रोज किती वापरली, ते त्यात लिहायचं असतं. महिनाभर एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेलं रजिस्टर ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. पोतं कुठं ठेवलंय ते बघ. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ताजी असते तेव्हा तिच्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं ठेवलं, दमट खोलीत पडलं की तो उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकीत टाकली काय आणि अंगणात रांगोळी घातली काय, सारखंच. म्हणजे 'टीसीएल टाकली' असं सरपंच म्हणतात तेही खरं असू शकतं आणि पाण्यात क्लोरीन नाही हेही खरं असू शकतं.

मग ओटी टेस्ट. गावचा जलसुरक्षक ती करतो, तुझ्यासमोर करायला सांग. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. पण ही टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळावर करून तुला दाखवतील, आणि ती पिवळी येईलही. तू म्हणायचं, चला आता शेवटच्या नळाला. मळ्याकडच्या, लाइन जिथं संपते तिथल्या. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक सांगतं की ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. टाकीतला क्लोरीन लोक पीत नाहीत, नळातला पितात.

वाटेत व्हॉल्व्हचे खड्डे लागतील. झाकण काढून बघ. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की पाइपात ओढ तयार होते, आणि जिथं जोड सैल आहे तिथून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर गटार असेल तर गटार. पावसाळ्यात व्हॉल्व्हचा खड्डा तुडुंब भरलेला असतो आणि त्यात काय काय तरंगतं ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही जेवता जेवता वाचत असाल. त्या खड्ड्याचा एक फोटो आणि शेवटच्या नळावरची पांढरी नळी, एवढं छापलं असतंस तर 'एका आशा स्वयंसेविकेने' हे वाक्य आपोआप गळून पडलं असतं. त्या खड्ड्याला काय नोटीस काढणार?

आणखी एक. गावाच्या पाण्याची जोखीम बघून आरोग्य विभाग ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. तुझ्या गावाकडे कुठलं कार्ड होतं, हे पंचायत समितीत विचारायला साथ येईपर्यंत थांबायला नको होतं. कोरड्या दिवसांत जाऊन तालुक्याची यादी घेऊन ठेव. तोंडी देत नसतील तर माहिती अधिकारात माग, तीस दिवस लागतील. जीविताचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांची तरतूद आहे, पण ती समोरच्याला पटवण्यातच अठ्ठेचाळीस तास जातात, असा माझा अनुभव.

आता तुझा चार, अकरा आणि साठचा घोळ. तू गृहीत धरलंस की दोघं खोटं बोलतायत आणि एक खरं. मला वाटतं तिघंही खरं बोलत होते. सरपंचांनी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, नेऊन दाखल केलेले मोजले. केंद्राने आपल्या ओपीडीच्या रजिस्टरमधले मोजले. खासगी डॉक्टरांनी महिनाभरात जुलाब म्हणून आलेला प्रत्येकजण मोजला, त्यात शेजारच्या दोन गावांचेही आले आणि लग्नाच्या जेवणाने बिघडलेलेही आले. तू त्यांना विचारलंस का, साठ कधीपासूनचे, कुठल्या गावचे, रजिस्टर दाखवता का?

सरकारी आकडा कसा तयार होतो ते एकदा शिकून घे, जन्मभर कामाला येईल. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात तीन प्रकारची माहिती वर जाते. एस म्हणजे आरोग्य सेविकेने नुसत्या लक्षणांवरून केलेली नोंद. पी म्हणजे डॉक्टरने तपासून बांधलेला अंदाज. एल म्हणजे प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेलं. एकाच गावाचा, एकाच दिवसाचा आकडा या तीन रकान्यांत तीन निघतो. डेंग्यूच्या दिवसांत हाच तमाशा दरवर्षी होतो. खासगी दवाखान्यात रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट सरकारच्या लेखी संशयित असतो, एलायझा चाचणी झाल्याशिवाय तो डेंग्यूचा धरत नाहीत. मग आपण छापतो 'प्रशासनाची लपवाछपवी'. लपवाछपवीही होते, नाही असं नाही. पण ती आहे असं म्हणण्याआधी कुठल्या रकान्यातला आकडा कुठल्या रकान्याशी लावतोय ते बघायला नको?

तुझी बातमी मी अशी लिहिली असती. "गावात गेल्या आठ दिवसांत जुलाब-उलट्यांचे अकरा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदले गेले असून चौघांना सीपीआरमध्ये दाखल केले आहे. खासगी दवाखान्यांत याहून जास्त रुग्ण आल्याचे तेथील डॉक्टर सांगतात, मात्र ती संख्या केंद्राच्या नोंदीत नाही. मंगळवारी सकाळी मळा भागातील शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आढळला नाही. पाण्याचे व शौचाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत." चार वाक्यं. एकही शिव्याशाप नाही. आणि वाचून सरपंचाला घाम फुटेल तो तिसऱ्या वाक्याला.

यात पाचवं वाक्य हवं होतं, जे तुझ्याही बातमीत नव्हतं आणि डेस्कलाही सुचलं नाही. त्या गावातल्या बाईने आज काय करायचं? थैमान होतं, झोपेतलं प्रशासन होतं, पण जलसंजीवनी कुठं होती? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. केंद्रात ओआरएसची पाकिटं फुकट मिळतात, लहान मुलांना सोबत चौदा दिवस झिंकच्या गोळ्या देतात. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी गेल्याने. ही चौकट बातमीला जोडलीस तर तुझी बातमी चावडीवरून उठून चुलीपर्यंत जाते.

हेडिंगवर तुझा अधिकार नाही हे मला माहीत आहे. डेस्कवरच्या माणसाला रात्री साडेअकराला आठ पानं सोडायची असतात आणि त्याच्या पेटीत चारच शब्द असतात: थैमान, कहर, विळखा, हाहाकार. म्हणून बातमी पाठवताना हेडिंग तूच सुचवून पाठव. आयतं आणि मापात बसणारं मिळालं की ते बदलायचा उत्साह त्यालाही नसतो. 'लागण' या शब्दाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा 'जीबीएसची लागण' असंच सगळीकडे बोललं आणि लिहिलं जायला लागलं. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. आधी पोटाचा किंवा श्वासाचा संसर्ग होऊन जातो, मग शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून मज्जातंतूंवर जाते. लागण होते ती त्या आधीच्या जंतूची. पण आपण तो शब्द वापरला की बरा होऊन आलेल्या माणसाकडे सोसायटीतले लोक लिफ्ट सोडून जिन्याने जातात. पाणी उकळून प्या, कच्चं-अर्धकच्चं खाऊ नका, हे सांगायचं होतं, ते मागे पडतं. (आता मी स्वतः गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालेय आणि त्याच आठवड्यात 'दूध उकळूनच प्या' असा लेखही लिहिलाय. तेव्हा वाचकाला उपदेश करताना आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवत जा.)

'प्रशासन झोपेत' हेही खोटं होतं, तुझ्याच पत्रावरून सांगते. त्या दिवशी दोन आरोग्य सेविका घरोघर सर्व्हे करत होत्या, असं तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस. मग त्या कोण होत्या? हेडिंग वाचून त्यांना काय वाटलं असेल?

'अहवाल प्रलंबित' हे उत्तर ऐकून तुझा संताप झाला, तेही लिहिलंयस. पाण्यात जंतू आहेत का हे बघायला नमुना प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, त्याला एक-दोन दिवस जातातच. तुझी डेडलाइन संध्याकाळी सातची असते, जंतूची नसते. उलट खरी फसगत दुसरीकडे होते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. पाण्यातून पसरणाऱ्या ई प्रकारच्या काविळीत जंतू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे पेशंट दिसायला लागले त्या दिवशी नळाचं पाणी तपासलं तर ते अगदी स्वच्छही निघू शकतं. दोष महिन्यापूर्वीच्या पाण्यात होता. मग 'पाण्याचे नमुने पिण्यायोग्य' अशी बातमी येते, आणि लोकांना वाटतं सुटलो. अशा वेळी विचारायचं ते महिना-दीड महिन्यामागचं. तेव्हा लाइन कुठं फुटली होती, दुरुस्ती कधी झाली, पाणी गढूळ आल्याच्या तक्रारी कुणी दिल्या होत्या? आणि काविळीची बातमी असेल तर गरोदर बायकांसाठी वेगळी ओळ हवीच. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर दगावण्याचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जातं.

केंद्राच्या डॉक्टरांवर तू फार चिडली आहेस. मी नाही चिडणार. परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू नये, हे त्यांच्या वर्तणूक नियमांत आहे आणि बोलल्यावर बदली कुणाची होते तेही त्यांना ठाऊक आहे. ओपीडी चालू असताना दारात जाऊन 'साहेब, प्रतिक्रिया' म्हटलं की कोण देईल? दुपारी दीडनंतर जा, पेशंट संपलेले असतात. 'तुमचं काय म्हणणं आहे' असं न विचारता 'मला हे कसं चालतं ते समजावून सांगा, तुमचं नाव येणार नाही' असं विचार. वरच्या साहेबांना प्रश्न लेखी पाठव, वेळ टाकून. उत्तर आलं नाही तर तेवढंच छाप: अमुक वाजता विचारलं, अमुक वाजेपर्यंत उत्तर आलं नाही. त्यावर 'टाळाटाळ केली' असा मसाला लावायची गरज नाही.

हॉस्पिटलच्या बिलाकडे येते. जाहिरात आणणं हे तुझं काम नाही असं मी लिहिलं तर तू हसशील. जिल्ह्याच्या पत्रकारितेत वार्ताहराच्या गळ्यात पुरवणीचं टार्गेट बांधलेलं असतं, मीही ते वर्षानुवर्षं ओढलंय. एका दिवाळीला ज्या डॉक्टरकडून जाहिरात घेतली, त्याच्याविरुद्धची तक्रार घेऊन एक म्हातारा दिवाळीनंतर आला, आणि मी त्याला 'बघते' म्हणाले. अजून बघतेय. तू संपादकांना लेखी कळव की या हॉस्पिटलची तक्रार माझ्याकडे आहे, जाहिरातीसाठी दुसऱ्या कुणाला पाठवा. लेखी, कारण तोंडी सांगितलेलं पुरवणीच्या धामधुमीत कुणाला आठवत नाही. जमलं तर हेही विचार की 'मधुमेह मुळापासून बरा' छापाच्या जाहिराती आपण घेतो, त्या १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्यात बसतात का. मधुमेह, कर्करोग अशा कितीतरी आजारांवर इलाजाचे दावे करणाऱ्या जाहिरातींना त्या कायद्याने मनाई आहे. सातव्या पानावर तुझी आरोग्याची बातमी आणि आठव्यावर ही जाहिरात, याने तुझं पान तुझ्याच शेजाऱ्याने खाल्लं, असं होतं.

पण तक्रार छापण्याआधी थांब. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात आपल्या गावाचं नाव नेमकं एका आजारपणाच्या प्रकरणामुळे लिहिलं गेलंय. १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण. चौथे शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम विशीचे. त्यांना वेड लागलंय असं सांगितलं जात होतं. कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतायत, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापलं. पुराव्याला पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं सुटले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. म्हणजे त्यांच्याबद्दलची काळजी काही वावगी नव्हती. कागद वावगा होता. आज अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. खरं असेल आणि लोकहितासाठी असेल तर बचाव आहे, पण खरं आहे हे कागदाने दाखवावं लागतं. तेव्हा त्या बिलाचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको. मूळ बिल, डिस्चार्ज कार्ड आणि पैसे भरल्याची पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघ, पेशंटची लेखी संमती घे, आणि हॉस्पिटलला उत्तराला पुरेसा वेळ दे.

बाबांच्या दुकानात आलेली पोरं. तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, हे आजच लिहून ठेव आणि संपादकांना मेल कर. पुन्हा आली तर पोलिसांत जायचं. राज्यात पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा २०१७ चा कायदा आहे, पण तो तुझ्यासाठी आहे, आशाताईंसाठी नाही, हेही ध्यानात ठेव. बाकी त्या पोरांतला एखादा जण तुला महिन्याभरात 'ताई, आमच्या गल्लीतबी पाणी घाण येतंय' म्हणून फोन करेल. अशा फोनांवर माझी निम्मी नोकरी निघाली.

राहिला राजकारणाचा प्रश्न. माग की, देतीलही. तिथं पोटावर पाय येत नाही हा तुझा गोड गैरसमज आहे, पण तो सहा महिन्यांत फिटेल. मला विचारशील तर आरोग्यातच राहा, निदान एक पावसाळा काढ. तू एका गावात तीन आकडे गोळा केलेस, कुणी फोन उचलेना तरी बातमी सोडली नाहीस. तुझ्यात कमी आहे ती फक्त शेवटच्या नळापर्यंत चालत जाण्याची, आणि ते पायांनी शिकता येतं.

त्या गावात आता साथ ओसरली असेल. कुणी परत गेलेलं नसणार, तू जा. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला का, शेवटच्या नळाची नळी पिवळी येते का, अकरांतले सगळे घरी आले का, एवढंच बघ. दोन कॉलमची बातमी होईल, वर तुझं नाव बहुधा येणार नाही.

पण ते आशाताईंकडे जाऊन आल्यावर. नोटिशीला उत्तर किती दिवसांत द्यायचंय ते विचार, आणि उत्तर लिहायला मदत हवी असेल तर त्यांना या सदराचा पत्ता दे, तुझं नाव न सांगताही चालेल. सकाळी नऊच्या आत पोच. नंतर त्या घरभेटींना बाहेर पडतात, आणि तुला गल्लीत त्यांना शोधत फिरताना कुणी बघायला नको.